चौथं कडवं

भिसेगाव, कर्जत
१९ मे १९७१

कोंडीराम भावजी यांस,
सप्रेम जयभीम.

त्या सकाळी विहिरीच्या खेपा करून झाल्या होत्या, चूल पेटली होती, आणि एक भाकरी तव्यावर टाकून मी मध्येच उठून तुमच्या दादांचा सदरा दगडावर घासत होते. आदल्या दिवशी त्यांची गँग घाटात रुळाखाली खडी ठोकायला गेली होती. सदऱ्याच्या पाठीवर घामाचं मीठ वाळून पांढरे नकाशे उठले होते. दादा उंबऱ्यात बसून तळपायात घुसलेली कच सुईने काढत होते. सुई माझी होती. ती त्यांनी बोथट करून परत दिली आणि मी त्यावरून बोलले, म्हणून ती सकाळ मला इतकी पक्की आठवते. तुम्ही भिंतीला टेकून चहात भाकरी बुडवत होता. साजगावला कारखान्यात नोकरीला लागून तुम्हाला थोडेच दिवस झाले होते.

दादा पायाकडे बघत म्हणाले, "रुळाखाली खडी आमची, खडीखाली घाम."

मला वाटलं, सदऱ्याची तक्रार चालली आहे. मी म्हटलं, घासतेय ना, आणखी काय करू. तुम्ही एवढे हसलात की चहा सांडला. भाकरी करपली ती वेगळीच. म्हणजे भावजी, तुम्ही तिथे होता. ते गाणं कोणाच्या तोंडून निघालं आणि कोणाच्या पायातल्या खडीतून निघालं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यासाठी दुसरा साक्षीदार आणायची गरज नाही.

येसाजीबरोबर तुमचा निरोप आला. वहिनी मोहोपाड्याहून शिवणाचं मशीन उचलून न सांगता का गेली, अजून नाशिकपर्यंतचा दौरा पडला आहे, गाण्याच्या पार्टीचे कपडे कोण बघणार. येसाजी ढोलकी सोडून उन्हातान्हात चालत आला होता. त्याला ताक दिलं. उत्तर दिलं नाही. ते तुम्हाला द्यायचं होतं, म्हणून लिहिते आहे.

गेल्या श्रावणात दादा ताप घेऊन घाटातून आले आणि त्यातच गेले. पार्टी मोडणार असं सगळे म्हणत होते. तुम्ही रजा काढून पेटीवर बसलात, दादांची गाणी हातात घेतलीत, तेव्हा मला आधार वाटला. ते मी नाकारत नाही. माघापासून मी दौऱ्याचे कपडे शिवायला बसले. बायजा आणि चंद्राबाई, आपल्या कोरसच्या दोघी, त्यांची पांढरी पातळं होतीच. त्यांना निळी पोलकी शिवली. गड्यांना पांढरे सदरे. टेरीकॉट घेऊ नका, घामाने अंगाला चिकटतं, असं मी सांगत होते, तर तुम्ही म्हणालात सुतीला स्टेजवर चमक येत नाही. मग काखेत आतून सुती कापडाचा तुकडा घातला. तो कोणाला दिसत नाही, पण येसाजीचा हात ढोलकीवर मोकळा फिरतो.

आणि दादांचा निळा कोट. मी नवा शिवते म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "नको वैनी, दादाचाच घालतो. दादा अंगावर हाय असं वाटंल." तुम्हाला तो सैल होता. मी त्याची शिवण उसवली, दोन्ही बाजूंनी आत घेतला, खांदे चढवले. अस्तर उसवताना खिशाच्या तळाशी त्यांच्या तंबाखूची भुकटी सापडली. ती झटकावीशी वाटली नाही. तशीच आत शिवून टाकली. तुम्ही कोट घालून आरशासमोर उभे राहिलात तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले, कारण पाठीकडून तुम्ही दोघे सारखे दिसता.

तुम्ही विसरला असाल तर सांगते, पडद्यामागे बसणाऱ्या बाईला गाणं समोरून कधी दिसत नाही. मला पाठी दिसतात. कोणाची शिवण कोणत्या सुराला ताणली जाते, कोणाचा सदरा कधी भिजतो, एवढंच माझं गाणं. मोहोपाड्याला पहिली पाळी सुटल्यावर कार्यक्रम होता. कारखान्याची माणसं डबे घेऊन तशीच येऊन बसली होती. मी पडद्यामागे निखाऱ्याच्या इस्त्रीने चंद्राबाईचं दुसरं पातळ सारखं करत होते, आणि तुम्ही चौथ्या कडव्याला आलात.

रुळाखाली खडी आमची, खडीखाली घाम,
वरून गाडी जाते तिला ठाऊक नाही नाम,
भीमरायानं मान दिली, मान ठेवू ठाम,
जयभीम म्हणतो भिसेगावचा गडी काळूराम.

आपल्यात ज्याने गाणं बांधलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं. पुढे ते कोणीही गावं, कोणत्याही गावात गावं, नाव बांधणाऱ्याचंच राहतं. हा काही कोणी लिहून दिलेला कायदा नाही. पण आजवर आपल्या पार्टीने दुसऱ्यांची किती गाणी गायली, कोणाचं नाव कधी पुसलं नाही. दादा तर नाव आलं की हात जोडून कपाळाला लावायचे.

तुम्ही गायलात, "गडी कोंडीराम".

मला वाटलं, तोंडून चुकून गेलं. स्वतःचं नाव जिभेवर असतंच. पण तुम्ही ओळ परत घेतलीत. आणखी एकदा घेतलीत, आणि त्या वेळी छातीवर हात ठेवलात, त्या कोटावर. टाळ्या पडल्या. इस्त्रीखाली चंद्राबाईच्या पातळाला पिवळा डाग पडला, तो अजून गेलेला नाही.

म्हणून मी मशीन गोधडीत गुंडाळलं, भाजीच्या टेंपोत बसून चौक गावी आले, आणि तिथून एसटीने घरी.

कोट मी दिला होता. नाव मी दिलं नव्हतं.

तुमची वहिनी,
जिजा


भिसेगाव
११ जून १९७१

कोंडीराम भावजी यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं की माझ्याच वाचण्यात काही चुकलं.

तुम्ही लिहिता, दोन्ही नावं एकाच वजनाची आहेत, चालीला कुठे धक्का लागत नाही, ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. खरं आहे. काळूराम आणि कोंडीराम, सासूबाईंनी एकाच मापाची नावं ठेवली. पण भावजी, मी आयुष्यभर मापं घेत आले. भिसेगावात तुमच्या छातीच्या मापाचे किती गडी आहेत हे मी डोळे मिटून सांगेन. बसतो म्हणून कोणी दुसऱ्याच्या दोरीवरचा सदरा काढून घालत नाही.

तुम्ही लिहिता, दादाचं नाव घेतलं की लोक रडतात, टाळ्या वाजवत नाहीत. दौऱ्यातल्या पहिल्या दोन गावांत तसं झालं, बायका पदर डोळ्याला लावत उठून गेल्या, आणि पार्टी रडवायला आली आहे असं बोलणं झालं. म्हणून पोटासाठी नाव बदललं. माणसं रडली हे मला माहीत नव्हतं. मला पाठीच दिसतात ना. पण मग एक सांगा. ज्याच्यासाठी अनोळखी गावातल्या बाया रडल्या, त्याचंच नाव काढून टाकायचं? रडून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तुम्ही तेवढा दम धरला नाहीत.

तुम्ही लिहिता, "तेव्हाच का बोलला नाहीत? पडद्याआडून नाव सांगायचं होतं, मी सुधारलं असतं."

याचं उत्तर देते. येसाजी पाणी प्यायला मागे आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, नाव चुकलं. तो म्हणाला, कोणाचं? मी म्हटलं, ह्यांचं. तो म्हणाला, "ह्यांचं म्हंजे कोनाचं, वैनी? नाव सांगा, मी जाऊन सांगतो." त्याला पुरतं कळलं होतं. तो मला बोलायला लावत होता की स्वतःची सुटका करून घेत होता, ते त्याचं त्याला माहीत. माझ्या तोंडून नाव निघालं नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ते तोंडाने घेतलेलं नाही. लिहिते, वाचते, पण तोंडाने नाही. आमच्या आयांनी तसं लावलं. दीक्षा घेतल्यावर दादा मला किती वेळा चिडवायचे, आता जुनं सगळं सोडलंस ना, मग घे की नाव एकदा. मी म्हणायचे, घेते, आधी तुम्ही चुलीपुढून उठा. ते हसायचे आणि उठायचे नाहीत. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असून विचारता, नाव का सांगितलं नाही.

आणखी एक लिहिता, की वहिनी शाळेत गेल्या नाहीत, गाण्यातलं त्यांना काय कळणार, त्यांनी शिवणाचं बघावं. मी शाळेत गेले नाही हे खरं. मी वाचायला शिकले ते कापडावर ठेवायच्या कागदांवर. जुनं वर्तमानपत्र पोलक्याच्या आकारात कापायचं आणि कापता कापता एकेक अक्षर दादांना विचारायचं. बातमी बाहीच्या मुंढ्याशी तुटायची. पुढे काय झालं ते कळायचं नाही, मग दादा आणि मी आपल्या मनाने ती पुरी करायचो. मंत्र्यांची भाषणं आम्ही अशी पुरी केली आहेत की मंत्र्यांनी ऐकली असती तर पद सोडलं असतं. पुढे वाचनालयातली पुस्तकं वाचली, आणि पुस्तक शेवटपर्यंत असतं याचंच मला कितीतरी दिवस नवल वाटायचं. तेव्हा गाण्यातलं मला चालीचं कळत नसेल. शेवटचा तुकडा कापला की काय होतं, ते कळतं.

आणि तुम्ही कधी खडी ठोकली, भावजी? तुम्ही टायमकीपर. सावलीत बसून दुसऱ्यांच्या हजेरीच्या खुणा करता. ते काम वाईट नाही, त्यावर तुमचं घर चालतं. पण "खडीखाली घाम" म्हणताना छातीवर हात ठेवायचा, तर तो घाम आपला असावा लागतो.

शेवटी तुम्ही एक गोष्ट आनंदाने लिहिली आहे. मुंबईची रेकॉर्डवाली मंडळी नाशिकला कार्यक्रमाला आली होती, त्यांना हेच गाणं हवं आहे, पावसाळ्यात रेकॉर्ड करायचं ठरलं आहे. स्टेजवर घेतलेलं नाव वाऱ्यावर जातं. आज चुकलं तर उद्या सुधारता येतं. रेकॉर्डवर एकदा गेलं की ते लग्नाच्या मांडवात वाजणार, जयंतीला वाजणार, मी नसेन तेव्हाही वाजणार. आम्हाला मूलबाळ नाही. बाप कोण म्हणून विचारलं तर दादांचं नाव सांगणारं मागे कोणी नाही. एवढं एक कडवं आहे. ते तुम्ही घेतलंत तर या जगात तो माणूस होता, हे सांगायला मी एकटी उरते, आणि माझ्या तोंडून तर नाव निघत नाही.

रेकॉर्डच्या फोटोसाठी शेरवान्या शिवून हव्यात असं लिहिलं आहे. कापड पाठवा.

जिजा


भिसेगाव
१८ जुलै १९७१

कोंडीराम भावजी यांस,
सप्रेम जयभीम.

येसाजीबरोबर शेरवान्या पाठवते आहे. पावसात भिजू नयेत म्हणून मेणकापडात बांधल्या आहेत, उघडल्यावर सावलीत टांगा. तुमचं माप नव्याने घेतलं नाही, मला ते पाठ आहे. गळा बसका ठेवला आहे, कारण वर सूर लावताना तुम्ही मान उजवीकडे टाकता आणि उभा गळा तुम्हाला काचतो. येसाजीची बाही मनगटावर अरुंद आहे, ढोलकीवर अडकणार नाही. बायजाला आणि चंद्राबाईला नवी पोलकी शिवली आहेत. बायजाचं जरा घट्ट वाटलं तर आत कापड सोडलं आहे, तिने स्वतः उसवू नये, माझ्याकडे आणावं.

येसाजी म्हणाला, वैनी, मला वाटलं तुमी शिवणार नाय. चंद्राबाई म्हणे सगळ्यांना सांगत होती की जिजावैनी शेरवानीला असा धागा घालेल की फोटोवाल्यासमोर फाटेल. तिला सांगा, माझं भांडण कापडाशी नाही. टाके पक्के आहेत.

तुमच्या दुसऱ्या पत्रात तुम्ही लिहिलंत की पार्टीतली माणसं आता तुमच्या नावावर जेवतात, गावं तुमच्या नावाने बोलावतात, आणि जो राबतो त्याचं नाव व्हायला काय हरकत आहे. काही हरकत नाही. पार्टीला तुमचं नाव लावा. फलकावर लिहा, फोटोत मधे बसा. तुम्ही पार्टी सांभाळलीत, ते कोणी केलं नसतं. आणि भावजी, तुम्हाला गळा आहे. स्वतःचं गाणं बांधा आणि त्याच्या शेवटी तुमचं नाव घाला. त्या गाण्याला मी पडद्यामागून सर्वांत आधी टाळी वाजवेन.

या एका गाण्यात, रेकॉर्डवर, दादांचं नाव घ्या. हे मी एकदाच मागते आहे. पुन्हा मागणार नाही.

जिजा


भिसेगाव
२२ ऑगस्ट १९७१

कोंडीराम भावजी,

काल बायजा पोलकं सैल करायला आली होती. तिच्याकडून मुंबईच्या रेकॉर्डिंगची हकीकत कळली. तिला मी खोदून विचारलं नाही. ती येऊन बसली आणि आपणहून रडायला लागली.

तिने सांगितलं ते असं. काचेपलीकडे साहेब बसला होता. पहिली तीन कडवी नीट झाली. चौथं आलं, तुम्ही "कोंडीराम" म्हटलंत, आणि मागून या दोघींनी ओळ उचलली ती "काळूराम" म्हणून. साहेबाने थांबवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. दौऱ्यात कोणाला कळलं नव्हतं, ढोलकी आणि टाळ्यांत बुडून गेलं होतं. तिथे मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. साहेब म्हणाला, माणूस एक आहे की दोन, काय ते ठरवा.

"वैनी, आमी मुद्दाम नाय केलं," बायजा म्हणाली. "इतकी वर्षं जे म्हनत आलो त्येच तोंडात आलं. मुद्दाम केलं असतं तर आज मला बरं तरी वाटलं असतं."

तिसऱ्या खेपेला चंद्राबाईचा आवाजच फुटेना. येसाजीने ढोलकीवरचे हात काढून घेतले आणि तुम्हाला म्हणाला, "कोंडीबा, दादाचंच घे. तुझं काय जातंय?" बायजा म्हणते, तुमच्या शेरवानीची बटणं वरखाली होत होती, इतका श्वास लागला होता. तिला वाटलं, आता घेणार. मग तुम्ही साहेबाला सांगितलंत की चौथं कडवं नकोच, तसंही गाणं लांबतंय, तीनच ठेवा. साहेबाला ते सोयीचं झालं. रेकॉर्डच्या एका बाजूला जागा कमीच असते म्हणाला.

आणि येताना गाडीत तुम्ही बायजाजवळ माझ्यासाठी निरोप दिलात. आता त्यात माझंबी नाव नाय, दादाचंबी नाय, आता तरी वैनीचा राग जाऊ दे.

भावजी, तुम्ही हा निवाडा केलात? दोन भाऊ वावरावरून भांडले तर वावर नदीत ढकलून द्यायचं?

चोरी परवडली असती, हे मी खरं सांगते. तुमचं नाव घेतलं असतंत तर कुठेतरी, एखाद्या गावात, एखादा जुना माणूस उठून म्हणाला असता की हे नाव इथलं नाही, इथे दुसरा होता. चुकीचं नाव असलं तरी नावाची जागा असते. तुम्ही जागाच कापलीत. पहिल्या तीन कडव्यांत घाट आहे, गाडी आहे, बाबासाहेब आहेत. चौथ्यात आम्ही होतो. आमची खडी, आमचा घाम, माझ्या दगडावर घासलेला तो सदरा. लोक आता ते गाणं ऐकतील आणि म्हणतील, वा, गाडीचं गाणं.

तुम्हाला तोंडाने दादांचं नाव घ्यायचं नव्हतं म्हणून तुम्ही स्वतःचंही सोडलंत. एवढं जड झालं होतं का ते? तुम्हाला अंगाखांद्यावर घेतलेल्या भावाचं नाव? मला घेता येत नाही, कारण मी त्यांची बायको आहे. तुम्हाला कोणी अडवलं होतं?

राग गेला नाही. बायजाचं पोलकं सैल करून दिलं. इतर कोणाला काही सांगायचं असेल तर त्यांनी यावं. तुम्ही सध्या येऊ नका.

जिजा


भिसेगाव
२० ऑक्टोबर १९७१

कोंडीराम भावजी यांस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही आला नाहीत, ते बरं केलंत. पण इथे जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून, मीठमसाला लावून, तुमच्या कानावर जाण्याआधी मीच लिहिते.

धम्मचक्र दिनाच्या आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, नवशा स्पीकरवाल्याने समाजमंदिरापुढे कर्णे बांधले. तो कल्याणहून तुमची रेकॉर्ड घेऊन आला होता. माझ्या दारात येऊन त्याने ती हातात दिली, म्हणाला, वैनी, पहिला मान तुमचा. पाकिटावरच्या फोटोत तुम्ही सगळे आहात. शेरवानीचा गळा नीट बसला आहे. येसाजीने पोट आत ओढलं आहे. बायजा फोटोवाल्याकडे न बघता भलतीकडेच बघते आहे.

नवशाने रेकॉर्ड लावून पाहिली. मी दारातच उभी होते. तुम्ही चांगले गायला आहात, भावजी. हे लिहायला मला जड जातं, पण खोटं कशाला लिहू. दुसऱ्या कडव्यात घाटाचं वळण येतं तिथे तुमचा आवाज अगदी त्यांच्यासारखा लागला आहे. आणि मला पहिल्यांदाच गाणं समोरून ऐकू आलं. तिसरं कडवं झालं, ढोलकी वाजली, आणि मग नुसती खरखर.

माणसं जमली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यात शुक्रा होता, दादांच्या गँगमधला, अजून लायनीवर जातो. तो तसाच मान वर करून कर्ण्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, नवशाने मध्येच बंद केलं. नवशाने रेकॉर्ड उचलून दाखवली की संपली, पुढे काही नाही. दुसरी बाजू लावली, त्यात दुसरं गाणं निघालं. मग शुक्रा माझ्याकडे आला.

"वैनी, ह्येच्यात आमचं कडवं कुटं हाय?"

त्याने दादांचं कडवं म्हटलं नाही. आमचं म्हटलं. इतके महिने मी तुमच्याशी भांडले ते माझ्या एकटीच्या माणसासाठी, आणि हा लायनीवरचा गडी त्या ओळीत स्वतःला शोधत उभा होता. बाकीचेही आले. गँगमधली सगळी माणसं ते कडवं खडी ठोकताना म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. दादांनी कधी सांगितलं नाही. कोणीतरी म्हणालं, जागा पुरली नसंल. कोणीतरी म्हणालं, कोंडीराम विसरला असंल. तुम्ही विसरला नाहीत हे मला माहीत होतं. तरी घरातलं भांडण मी चव्हाट्यावर मांडलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

मी शुक्राला म्हटलं, तुम्हाला येतं ना, उद्या तुम्ही म्हणा. तो म्हणाला की चारचौघांत त्याला आवाज निघत नाही, लायनीवर निघतो, आणि पार्टीच्या घरचं कोणी असताना त्याने कशाला म्हणावं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घरात गेले आणि भात टाकला.

माझा आवाज काही गाण्याचा नाही. दादा म्हणायचे, तुझ्या गाण्यापेक्षा तुझं मशीन सुरात आहे. तुम्हीही त्यावर हसला आहात.

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर नवशाने रेकॉर्ड लावली. तिसरं कडवं संपलं, तसा मी त्याच्या हातातून माईक घेतला आणि चौथं कडवं म्हटलं, शेवटच्या नावापर्यंत.

जिजा